खारजमिनीतील कुळांचे हक्क (रायगड जिल्हा)

खारजमिनीतील कुळांचे हक्क हा महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या (पूर्वीचा कुलाबा जिल्हा) खाडीकाठच्या भातशेतीशी निगडित असलेला जमीनधारणेचा विषय आहे. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि त्यामागील जमीन लागवडीस आणायची, अशा रीतीने तयार झालेल्या जमिनीला खारजमीन किंवा खारभूमी म्हणतात. अशा जमिनीत बांध शाबूत असेपर्यंतच पीक येते. त्यामुळे जमीनमालकाने किंवा खोताने बांध राखणे ही कुळाला दिलेली सवलत नव्हती. कुळाने द्यावयाच्या खंडाचा तो आधार होता. मालकाने खंड घेतला, पण बांध राखला नाही, तर कुळाला कोणता उपाय आहे, या प्रश्नाला रायगडच्या किनाऱ्यावर प्रथम रूढीने, नंतर १९३३ ते १९३९ या काळातील चरीच्या संपाने आणि अखेरीस कूळ कायद्याने वेगवेगळी उत्तरे दिली.

## भौगोलिक पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यात धरमतर, रेवदंडा (कुंडलिका), राजपुरी आणि बाणकोट (सावित्री) या खाड्या आतपर्यंत शिरलेल्या आहेत. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांत खाडीलगतच्या सखल भागात खारजमिनी आढळतात. अलिबाग व पेण तालुक्यांतील धरमतर खाडीकाठच्या अशा पट्ट्याला स्थानिक लोक 'खारेपाट' म्हणतात.

खारबंदिस्तीचे मुख्य भाग दोन असतात. खाडीच्या बाजूला माती व दगड यांचा बाहेरचा बांध घातलेला असतो. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये, यासाठी बांधात झडपेची दारे बसवतात. त्यांना 'उघाडी' म्हणतात. याखेरीज बंदिस्तीच्या आत शेताशेतांचे लहान बांध असतात.

नव्याने बंदिस्त केलेल्या जमिनीतील क्षार पावसाच्या पाण्याने धुऊन निघण्यास काही वर्षे लागतात. बाहेरच्या बांधाला भगदाड पडले, म्हणजे 'खांड' गेली, तर एका उधाणात खारे पाणी शेतात पसरते आणि जमीन पुन्हा गोडी होईपर्यंत अनेक हंगाम वाया जातात. राता यांसारख्या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती या भागात परंपरेने लावल्या जातात. परंतु भरतीच्या पाण्याखाली सतत राहणाऱ्या शेतात त्याही टिकत नाहीत. खारजमिनीच्या शेतीवर संशोधन करणारे केंद्र पनवेल येथे असून ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे.

बाहेरचा बांध एका शेतकऱ्याच्या शेतापुरता नसतो. एका ठिकाणी गेलेली खांड बंदिस्तीतील सर्वांची शेते बुडवते. म्हणून बांध कोणी राखायचा हा प्रश्न एका कुळाचा व एका मालकाचा न राहता संपूर्ण गावाचा होतो.

## शिलोत्री पद्धत

कुलाबा जिल्ह्यातील, विशेषतः पेण व अलिबाग भागातील, खारजमिनींवर शिलोत्री नावाची धारणापद्धत प्रचलित होती. बंदिस्ती ज्याने बांधली किंवा जिची देखभाल ज्याच्याकडे होती, त्याला शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवणे ही त्याची जबाबदारी असे. त्याबद्दल कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे मणाच्या हिशेबाने भात घेतले जाई. आतील लहान बांध मात्र कसणाऱ्यांनी राखायचे असत.

या पद्धतीचे दोन प्रकार होते :

* कुळारगी शिलोत्री : यात कुळाचा ताबा कायम स्वरूपाचा मानला जाई. सरकारी आकार व बांधाच्या देखभालीचे भात देत राहिल्यास त्याला काढून टाकता येत नसे.
* खोती शिलोत्री : यात जमीन शिलोत्रीदाराची किंवा खोताची समजली जाई आणि ती वर्षावर्षाच्या बोलीने कुळांना दिली जाई.

कायद्याच्या दृष्टीने पाहता शिलोत्रीचे भात हा जमिनीचा खंड नव्हता. तो एका सेवेचा मोबदला होता. बांध राखला न गेल्यास त्या मोबदल्याचे कारणच उरत नसे. तथापि हा तर्क प्रत्यक्षात आणणे दोन्ही प्रकारच्या कुळांना सारखेच शक्य नव्हते. कुळारगी कुळाला ताब्याची शाश्वती असल्याने तो तक्रार करू शकत असे. खोती जमिनीतील कुळाने बांधाविषयी तक्रार केली, तर पुढील वर्षी जमीन दुसऱ्यास दिली जाण्याची भीती असे. मालकाच्या कर्तव्याची अंमलबजावणी ही कुळाच्या ताब्याच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते, हे या दोन प्रकारांतील फरकावरून स्पष्ट होते.

## खोती व कबुलायत

खोत हा गावाचा सारा सरकारात भरणारा मध्यस्थ होता. कुलाबा जिल्ह्यात कालांतराने खोत हे गावातील जमिनीचे मालक म्हणून वावरू लागले. जमीन कसावयास घेताना कुळाकडून 'कबुलायत' नावाचा लेख करून घेतला जाई. त्यात कुळाने काय द्यावे हे तपशीलवार नमूद असे. खंड बहुधा भाताच्या रूपाने ठरलेला असे आणि पीक बुडाले तरी त्याची बाकी कुळाच्या नावे राही. खंडाशिवाय वेठ, म्हणजे विनामोबदला काम, व अन्य देणी घेतली जात. अक्षरओळख नसलेल्या कुळाला लेखातील मजकूर वाचता येत नसे आणि भरलेल्या भाताची पावती मिळतेच असे नाही. पावतीच्या अभावी भरलेला खंडही थकीत दाखवता येई.

## चरीचा संप

या परिस्थितीविरुद्ध कुलाबा जिल्ह्यात १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेतकऱ्यांचे संघटन सुरू झाले. नारायण नागू पाटील हे त्याचे प्रमुख नेते होते. अनंत विनायक चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हेही या चळवळीशी संबंधित होते.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील पोयनाडजवळच्या चरी या गावी झालेल्या सभेत खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेण्यात आला. खारेपाटातील २५ गावे या संपात सामील झाली. संप केवळ बांधांच्या प्रश्नावर नव्हता. खंडाचे प्रमाण, वेठ, बेदखली आणि कूळहक्काची नोंद असे खोत व कूळ यांच्यातील संपूर्ण नातेच त्यात वादाचा विषय झाले होते. कुळांनी खंड थकवून जमीन कसत राहण्याचा मार्ग न पत्करता जमीनच ओस टाकली. परिणामी खोताचे उत्पन्न बंद झाले. परंतु कुळाचे धान्यही बंद झाले. संपकरी कुटुंबांनी जंगलातील लाकूडफाटा विकणे, मासेमारी आणि मिळेल ती मजुरी यांवर दिवस काढले. हा संप १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे चालला. भारतातील दीर्घकाळ चाललेल्या शेतकरी संपांत त्याची गणना होते.

१६ डिसेंबर १९३४ रोजी चरी येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा शेतकरी परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषवले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने खोती निर्मूलन हा आपल्या कार्यक्रमाचा भाग केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील व इतर भागांतील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेण्यात आला. चळवळीची बाजू मांडण्यासाठी 'कृषीवल' हे वृत्तपत्र १९३७ मध्ये सुरू झाले. त्या वेळी बाळ गंगाधर खेर हे मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते व महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. याच मंत्रिमंडळाच्या काळात प्रांताचा पहिला कूळ कायदा संमत झाला.

## कायदेशीर तरतुदी

### १९३९ चा कायदा

मुंबई कूळवहिवाट अधिनियम, १९३९ याने 'संरक्षित कूळ' ही संकल्पना आणली. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन धारण करून ती स्वतः कसणाऱ्या कुळाला मनमानी बेदखलीपासून संरक्षण मिळाले. कायदा प्रारंभी प्रांताच्या निवडक भागांत लागू झाला व १९४६ मध्ये तो प्रांतभर लागू करण्यात आला.

### १९४८ चा कायदा

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा २८ डिसेंबर १९४८ पासून अमलात आला. २०१२ मध्ये त्याच्या नावातील 'मुंबई' या शब्दाच्या जागी 'महाराष्ट्र' हा शब्द घालण्यात आला. सामान्य व्यवहारात त्याला 'कूळ कायदा' म्हणतात. मालकाने आपली बाजू न पाळल्यास कुळाला उपयोगी पडणाऱ्या त्यातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

* कलम ४ : दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती कूळ मानली जाते. मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, पगारी नोकर व कब्जेगहाणदार यांना हे लागू नाही.
* कलम ८ : खंडाला कमाल मर्यादा घालण्यात आली. १९५६ च्या दुरुस्तीनंतर जमीन आकाराच्या पाचपट किंवा एकरी २० रुपये यांपैकी कमी असलेली रक्कम ही मर्यादा ठरली.
* कलम ११ : खंडाशिवाय कोणताही हक्क, पट्टी किंवा सेवा कुळाकडून घेण्यास मनाई आहे. वेठ व तत्सम देणी या कलमाने बंद झाली.
* कलम १३ : शासनाने जमीन महसुलात सूट किंवा तहकुबी दिल्यास मालकानेही त्या प्रमाणात खंडात सूट किंवा तहकुबी देणे बंधनकारक आहे.
* कलम १५ : कुळाने जमीन सोडून देणे लेखी असावे लागते आणि मामलेदाराने त्याची शहानिशा करावी लागते.
* कलम १६ व १७ : मालकाच्या जागेवर कुळाने स्वखर्चाने बांधलेल्या राहत्या घरातून त्याला सहजासहजी काढता येत नाही. ती जागा विकावयाची झाल्यास खरेदीची पहिली संधी कुळाला द्यावी लागते.
* कलम २३ : संरक्षक बांधांच्या दुरुस्तीविषयीचे हे कलम आहे (पुढे पहा).
* कलम २६ : मिळालेल्या खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.
* कलम २९ : मामलेदाराच्या आदेशाशिवाय मालकाला कुळाकडून जमिनीचा ताबा घेता येत नाही.

### कलम २३ : संरक्षक बांध

कूळ व मालक यांच्यातील वादामुळे अथवा अन्य कारणाने कुळाच्या जमिनीचे संरक्षण करणाऱ्या बांधाची बांधणी, देखभाल किंवा दुरुस्ती दुर्लक्षित होत असेल, तर शासन लेखी आदेशाने ते काम करवून घेऊ शकते. करार, रूढी किंवा वहिवाट याच्या विरुद्ध असली तरी हा अधिकार बाधित होत नाही. कामाचा खर्च ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात जमीन आहे त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केला जातो. मात्र करार किंवा रूढीनुसार बांध राखण्याची जबाबदारी ज्या व्यक्तीवर पूर्णतः किंवा अंशतः असेल, तिच्याकडून तो खर्च परत मिळवण्याचा अधिकार खर्च सोसणाऱ्याला आहे.

या कलमाची रचना खारजमिनीच्या स्वरूपाशी सुसंगत आहे. जबाबदारी कोणाची हा वाद मिटेपर्यंत थांबल्यास पुढील उधाणात जमीन जाते. म्हणून काम आधी व हिशेब नंतर, असा क्रम ठेवण्यात आला आहे. त्याची दुसरी बाजू अशी की पहिला भार कुळावरच पडतो. खर्च परत मिळवायचा तर बांध राखण्याची जबाबदारी मालकाची होती हे सिद्ध करावे लागते आणि कबुलायतीत कुळाचीच देणी लिहिलेली असल्यास पुरावा जुन्या रूढीवर व गावकऱ्यांच्या साक्षीवर अवलंबून राहतो.

## तक्रारीची पद्धत

कूळ कायद्याखालील वाद प्रथम मामलेदारापुढे, म्हणजे सध्याच्या व्यवस्थेत 'तहसीलदार व शेतजमीन न्यायाधिकरण' यांच्यापुढे चालतात. एखादी व्यक्ती कूळ आहे किंवा नाही हे ठरवण्याचा अधिकार कलम ७० नुसार त्यांनाच आहे. कायद्याने त्यांच्याकडे सोपवलेल्या प्रश्नांवर दिवाणी न्यायालयाला निर्णय देता येत नाही (कलम ८५). त्यांच्या निर्णयावरील अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे असून त्यांचे अधिकार वापरणारे उपविभागीय अधिकारी (प्रांत) ते ऐकतात. त्यापुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

खंड न भरणे हे कूळवहिवाट संपुष्टात आणण्याचे एक वैधानिक कारण आहे (कलम १४). कलम २५ नुसार कुळाला थकबाकी भरून वहिवाट वाचवण्याची संधी मिळते. परंतु वारंवार थकबाकी राहिल्यास हे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे मालकाने बांध राखला नाही या कारणासाठी कुळाने परस्पर खंड थांबवणे जोखमीचे ठरते. लेखी तक्रार, खंडाच्या पावत्या, सातबारा उताऱ्यातील नोंद आणि बांधाच्या स्थितीचा पंचनामा ही कुळाच्या बाजूची महत्त्वाची कागदपत्रे ठरतात.

## कृषक दिन व त्यानंतरचा बदल

मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, १९४९ याने रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील खोती पद्धत कायद्याने संपुष्टात आणली. १९५६ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, कायद्यातील अपवाद वगळता, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले (कलम ३२). खरेदीची किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची (कलम ३२ ग) व ती भरल्यावर प्रमाणपत्र द्यायचे (कलम ३२ म) अशी पद्धत आहे. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कलम ४३ ने निर्बंध घातले आहेत.

मालकीच्या या बदलामुळे बांधांचा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. जेथे खोत किंवा शिलोत्रीदार बाहेरचा बांध राखत होता, तेथे कूळ स्वतः मालक झाल्यावर त्याची ती जबाबदारी संपली. शेत प्रत्येकाच्या नावावर झाले. परंतु सर्वांच्या शेतांचे रक्षण करणारा बांध कोणा एकाच्या नावावर नव्हता. लहान क्षेत्र असलेल्या शेतकऱ्यांना मोठ्या खांडीची दुरुस्ती श्रमदानाने करणे नेहमीच शक्य होत नसे. ज्या कर्तव्यासाठी कुळे खोताला जबाबदार धरत होती, ते कर्तव्य आता शासनाकडे मागितले जाऊ लागले.

## खारभूमी कायदे

मुंबई खारभूमी अधिनियम, १९४८ नुसार खारजमिनींच्या बंदिस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले आणि खर्चाचा काही भाग शासनाने व काही भाग लाभ घेणाऱ्या जमीनधारकांनी उचलावा असे धोरण आले. पुढे महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ लागू झाला. खारभूमी योजनांचे काम राज्याच्या जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते. रायगड जिल्ह्यातील कामे पेण येथील खारभूमी विकास विभागामार्फत पाहिली जातात. योजनांचे शासकीय व खासगी असे वर्गीकरण असल्याने एखादा बांध कोणत्या वर्गात मोडतो, यावर त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी ठरते. खांड गेल्यानंतर शेतकऱ्याला पहिल्यांदा हीच बाब तपासावी लागते.

## सद्यस्थिती

बांध फुटून शेती पडीक राहिली की त्या जागी काही वर्षांत कांदळवन वाढते. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये व १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेले आदेश यांमुळे कांदळवनाची तोड करण्यास मनाई आहे. परिणामी वेळेवर दुरुस्त न झालेला बांध शेतकऱ्याची जमीन कागदोपत्री शेतजमीन ठेवून प्रत्यक्षात कायमची लागवडीबाहेर टाकू शकतो. दुरुस्तीतील विलंबाची किंमत त्यामुळे पूर्वीपेक्षा वाढली आहे.

समुद्राच्या उधाणाने होणाऱ्या नुकसानीचा समावेश राज्य शासनाने मदतीस पात्र ठरणाऱ्या आपत्तींत केला आहे. मदतीसाठी पंचनामा व अधिकार अभिलेखातील नोंद आवश्यक असते. ज्या कुळांची नावे सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात नोंदलेली नाहीत, किंवा ज्यांची कलम ३२ ग ची कार्यवाही अपूर्ण आहे, त्यांना आपला हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

## भाड्याच्या घरांशी तुलना

ठरलेली सुविधा मालकाने न देणे हा प्रश्न शहरी भाडेकरूंच्या बाबतीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने हाताळला आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून, त्याच्या अनुसूचीत नमूद क्षेत्रांत लागू झाला. कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी सूचना देऊनही त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती करून खर्च ठराविक मर्यादेपर्यंत भाड्यातून वळता करू शकतो. कलम २९ नुसार पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्वाहन व स्वच्छता यांसारख्या अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास किंवा रोखण्यास मालकाला मनाई असून त्याविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागता येते.

दोन्ही कायद्यांत एक समान सूत्र आढळते. काम न झाल्यास ते आधी करवून घ्यावे आणि खर्च नंतर जबाबदार व्यक्तीकडून मिळवावा, असा मार्ग दोन्हीकडे आहे. आणि तो वापरणाऱ्याला ताब्यावरून हुसकले जाऊ नये म्हणून बेदखलीविरुद्धचे संरक्षणही दोन्हीकडे आहे. फरक नुकसानीच्या स्वरूपात आहे. घराचे छप्पर दुरुस्त झाले की घर लगेच वापरता येते. खारजमिनीचा बांध दुरुस्त झाल्यावरही शेतातील क्षार धुऊन जाण्यासाठी काही पावसाळे जावे लागतात.

## हेही पहा

* चरीचा शेतकरी संप
* नारायण नागू पाटील
* खोती पद्धत
* कूळ कायदा
* धरमतर खाडी
* कांदळवन